डीबगर पाहतो म्हणजे नेमके काय करतो?

तत्त्वज्ञानाचा निवृत्त मास्तर संगणकाच्या डीबगरवर बोलणार, हे पत्रिकेत वाचून दोघांतिघांना छपाईची चूक वाटली म्हणे. चूक नाही. आज आम्ही एका ग्रंथाची समीक्षा करणार आहोत. फक्त त्याला ग्रंथ म्हणायला कोणी तयार नसतं. ‘डीबगिंग विथ जीडीबी’ हे त्याचं नाव. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६च्या सुमारास जीडीबी हा डीबगर लिहिला. त्याची ही नियमपुस्तिका तेव्हापासून वाढत वाढत चांगली जाडजूड झाली आहे. आम्ही ती जवळजवळ सगळी वाचली. प्रोग्रॅमर मंडळी तिच्यात हवा तो आदेश शोधतात आणि बंद करतात. आम्ही ती प्रमाणशास्त्राचं पुस्तक म्हणून वाचली.

निमित्त घडलं ते असं. आमचा एक जुना विद्यार्थी आहे. तर्कशास्त्राच्या तासाला शेवटच्या बाकावर बसायचा. आता पुण्यात गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये काम करतो. एक दिवस घरी आला आणि म्हणाला, ‘‘सर, प्रोग्रॅम थांबवून बघितला की बरोबर चालतो. सोडून दिला की चुकतो. तुमच्या न्यायशास्त्रात याला काय म्हणतात?’’ आम्ही त्या दिवशी चहा दिला, उत्तर दिलं नाही. उत्तर शोधता शोधता या पुस्तकापर्यंत आलो.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चालू प्रोग्रॅमच्या पोटात काय चाललंय ते बाहेरून दिसत नाही. डीबगर हा दुसरा प्रोग्रॅम. तो पहिल्याला थांबवतो, त्याची मेमरी वाचतो, रजिस्टरं वाचतो आणि आपल्याला सांगतो की अमुक ओळीवर अमुक व्हेरिएबलची किंमत इतकी आहे. तो थांबवतो कसा? आपण नेहमी वापरतो त्या इंटेल जातीच्या प्रोसेसरवर डीबगर मूळ सूचनेचा पहिला बाइट काढून घेतो आणि तिथे एक बाइटची सापळ्याची सूचना बसवतो. प्रोग्रॅम तिथे आला की सापळ्यात पाय पडतो, ऑपरेटिंग सिस्टिम त्याला धरते आणि डीबगरला हाक मारते. म्हणजे पाहण्याआधीच पाहिली जाणारी वस्तू बदललेली असते. ज्या प्रोग्रॅमची तपासणी चालली आहे त्याला या पुस्तकात ‘इन्फीरियर’ म्हणतात, म्हणजे कनिष्ठ. तांत्रिक शब्द आहे, आम्हाला ठाऊक आहे. पण शब्द उगाच पडत नाहीत. साक्षीदाराला दोरीने बांधून जबानी घ्यायची आणि जबानी त्याने आपखुशीने दिली असं लिहायचं, तसला हा प्रकार.

आता मुख्य मुद्दा. जीडीबीत नेहमी वापरला जाणारा एक आदेश ‘प्रिंट’. शब्द किती निरुपद्रवी! छापा, म्हणजे दाखवा. ‘प्रिंट’पुढे व्हेरिएबलचं नाव लिहिलं की किंमत दिसते. इथपर्यंत ते प्रत्यक्ष आहे असं म्हणू. पण पुढे व्हेरिएबलच लिहायला हवं असं नाही. प्रोग्रॅमच्या भाषेतलं कोणतंही विधान चालतं. दोन संख्यांची बेरीज लिहिली तर डीबगर दोन्ही वाचतो, बेरीज स्वतः करतो आणि सांगतो. ही बेरीज प्रोग्रॅमने कधी केलेलीच नसते. म्हणजे हे अनुमान झालं, तेही डीबगरच्या स्वतःच्या अंकगणिताने. एखाद्या व्हेरिएबलला पाच देण्याचं विधान लिहिलं तर ‘प्रिंट’ ते इमानेइतबारे पार पाडतो: मेमरीत पाच लिहितो आणि मग ‘पाच’ असं छापतो. ही तर कृती झाली. आणि फंक्शनचं नाव कंसासह लिहिलं तर? तेव्हा डीबगर रजिस्टरं बाजूला ठेवतो, स्टॅकवर एक खोटी चौकट उभी करतो, थांबलेल्या प्रोग्रॅमला त्या फंक्शनच्या दारात नेऊन सोडतो, ते फंक्शन खरंच धावतं आणि परत आलं की सगळं पूर्ववत ठेवल्याचा आव आणतो. रजिस्टरं पूर्ववत होतात हो. पण त्या फंक्शनने जाता जाता जो मोजणारा आकडा एकने वाढवला, तो वाढलेलाच राहतो. आणि प्रोग्रॅममध्ये अनेक थ्रेड असतील तर खास बंदी घातल्याशिवाय त्या वेळात तेही चालू होतात. एका माणसाला एक प्रश्न विचारण्यासाठी अख्खा गाव जागा करावा, तसं.

वाचणं, गणित करणं, बदलणं, धाववणं. चार वेगळ्या क्रिया, आणि चारींवर एकच पाटी: ‘प्रिंट’. पुस्तक याबद्दल अप्रामाणिक आहे असं आम्ही म्हणत नाही. परिणाम होऊ शकतात हे त्यात लिहिलेलं आहे, आणि फक्त बदल करायचा असेल तर ‘सेट व्हार’ असा वेगळा आदेशही दिला आहे. आमची तक्रार वेगळी आहे. ज्ञान कोणत्या साधनाने झालं हे उत्तराच्या अंगावर दिसलं पाहिजे. ‘प्रिंट’चं उत्तर डॉलरच्या चिन्हापुढे क्रमांक घालून येतं: पहिलं उत्तर, दुसरं उत्तर, तिसरं उत्तर. तिसरं पाहून मिळालं की करून मिळालं, हे त्या क्रमांकावरून कळत नाही. आमचे नैयायिक यावर चिडले असते. ‘पर्वतावर अग्नी आहे’ हे डोळ्यांनी पाहिलं की धुरावरून ओळखलं, याची नोंद ज्ञानाबरोबर ठेवायची त्यांची सवय होती.

इथे दुसऱ्या एका डीबगरचा उल्लेख करायला हवा, एलएलडीबी. त्याने वेगळा मार्ग धरला. जीडीबी सी भाषा स्वतःच्या कानाने ऐकतो; त्याचा स्वतःचा पार्सर आहे, त्यामुळे कधी कधी जे विधान प्रोग्रॅममध्ये बिनतक्रार चालतं ते डीबगरला कळतच नाही. एलएलडीबी आपलं विधान खऱ्या कंपायलरकडे, क्लँगकडे देतो. साधं असेल तर स्वतःच सोडवतो, नाहीतर त्याचं यंत्रभाषेत रूपांतर करून तपासल्या जाणाऱ्या प्रोग्रॅमच्या आत नेऊन चालवतो. म्हणजे भाषेशी जास्त इमान, पण त्याच मापाने घरात जास्त शिरकाव. दोन्हींत बरं कोणतं, हे आम्हाला विचारू नका. आम्ही एवढंच म्हणू की ‘मी तुमचीच भाषा बोलतो’ म्हणणाऱ्या पाहुण्याकडे जास्त लक्ष ठेवावं.

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे. पाहिलं की लपणाऱ्या दोषाला या मंडळींनी ‘हायझेनबग’ म्हटलं आहे. जिम ग्रे यांच्या १९८५च्या अहवालात तो शब्द येतो. शब्द चटकदार आहे, पण आमच्या मते दिशाभूल करतो. हायझेनबर्गचं अनिश्चिततेचं तत्त्व वस्तूच्या स्वरूपाबद्दल आहे. डीबगरमुळे होतं ते फार साधं: आपण थांबवलं, वेळ गेला, दोन कामांचा क्रम बदलला. सशर्त ब्रेकपॉइंट घ्या. ‘आकडा हजारावर गेला तरच थांब’ असं आपण सांगतो आणि आपल्याला वाटतं की तोवर प्रोग्रॅम मोकळा पळतो आहे. प्रत्यक्षात सर्वसाधारणपणे तो दर वेळी थांबतो, डीबगर शर्त तपासतो, खोटी निघाली की पुढे सोडतो. नऊशे नव्व्याण्णव वेळा आपल्याला न सांगता थांबवलेलं असतं. यात गूढ काही नाही. आणि गूढ नाही म्हणूनच जबाबदारी आहे. ‘हायझेन’ म्हटलं की निसर्गावर ढकलता येतं.

ही चर्चा चहाच्या पेल्यातली नाही. थेरॅक-२५ नावाचं किरणोपचाराचं यंत्र होतं. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिकेत आणि कॅनडात त्याने सहा रुग्णांना बेसुमार मात्रा दिली. त्यातले काही दगावले. टेक्ससमधल्या टायलर गावच्या रुग्णालयात १९८६ साली हे घडलं तेव्हा यंत्राच्या उत्पादकांना तो दोष पुन्हा घडवून दाखवता येईना. मग तिथल्या भौतिकतज्ज्ञाने आणि यंत्र चालवणाऱ्या बाईंनी मिळून तो घडवला. त्यांना एक गोष्ट ठाऊक होती: बाई सराईत होत्या, भराभर टंकत, चूक झाली तर चटकन मागे जाऊन दुरुस्त करीत. हळू टंकलं की दोष दिसत नसे. तपासणारा माणूस सावकाश, जपून, एकेक पायरी बघत जातो. जपून पाहण्यामुळेच न दिसणारी गोष्ट तिथे रुग्णांच्या अंगावर आली होती. हे आम्ही वाचलं त्या दिवशी आमच्या विद्यार्थ्याचा प्रश्न आम्हाला विनोदी वाटेनासा झाला. त्याचा प्रोग्रॅमही गाडीत बसणार आहे.

या अडचणीवर पुस्तकाच्या एका प्रकरणात उत्तर आहे, आणि ते आम्हाला पुस्तकातलं सर्वांत विचारी प्रकरण वाटतं. ट्रेसपॉइंट. कल्पना अशी: प्रोग्रॅमला थांबवून माणसाला विचार करत बसू द्यायचं नाही. आधीच ठरवायचं की अमुक ओळीवर आला की अमुक अमुक टिपून ठेव; ‘कलेक्ट’ असा आदेश देऊन यादी द्यायची. मग ‘टीस्टार्ट’. प्रोग्रॅम धावतो, टिपणं एका बफरमध्ये साठतात, ‘टीस्टॉप’ म्हटलं की संपलं. नंतर ‘टीफाइंड’ने एकेक टिपण उघडायचं आणि जणू प्रोग्रॅम त्या क्षणी तिथे थांबला आहे अशा थाटात ‘प्रिंट’ करत बसायचं. या सगळ्याला पुस्तक ‘एक्सपेरिमेंट’, प्रयोग म्हणतं. शब्द मोजून वापरला आहे. प्रयोगात प्रश्न आधी लिहावा लागतो.

पण तिथे, यंत्राच्या बाजूला, विधान सोडवणार कोण? पूर्ण डीबगर तिथे नाही. तो टेबलावरच्या संगणकात आहे. म्हणून जीडीबी आपलं विधान एका चिमुकल्या भाषेत, बाइटकोडमध्ये उतरवतो आणि पलीकडच्या छोट्या एजंटकडे पाठवतो. त्या भाषेत सूचना मोजक्याच: स्टॅकवर संख्या ठेव, बेरीज कर, अमुक रजिस्टर वाच, अमुक पत्त्यावरची मेमरी वाच, शर्त खरी असेल तर उडी मार, इतके बाइट टिपून ठेव, संपलं. आमच्यासारख्या माणसालाही परिशिष्टातली ती यादी एका दुपारी वाचता आली. आणि वाचताना लक्षात आलं की त्यात एक गोष्ट नाही. प्रोग्रॅमच्या मेमरीत लिहिण्याची सूचनाच नाही. प्रोग्रॅमचं फंक्शन बोलावण्याचीही नाही. लिहायचं तर फक्त एजंटच्या स्वतःच्या वहीत, तिथल्या खास ट्रेस व्हेरिएबलमध्ये. टेबलापाशी ज्या विधानाने ‘प्रिंट’ मेमरी बदलून टाकतो, तेच विधान ‘कलेक्ट’पुढे लिहिलं तर नकार मिळतो.

मुंडकोपनिषदातले एका झाडावरचे दोन पक्षी आठवा. एक फळ खातो, दुसरा नुसता पाहतो. दुसऱ्याने खायचं नाही हे त्याच्या संयमावर सोपवलेलं नाही. ते त्याचं स्वरूपच आहे. ‘प्रिंट’ हा सज्जन माणूस आहे, शपथ घेतो आणि कधी मोडतो. एजंटला हातच दिलेले नाहीत. जे करायला नको ते करता येईल असं व्याकरणच ठेवायचं नाही, हा विचार ज्याला कोणाला सुचला त्याला आम्ही मनापासून दाद देतो. अर्थात साक्षी पक्षी फांदीवर बसतो, आणि फांदी त्याच्या वजनाने थोडी वाकतेच. टिपायला वेळ लागतो, बफरला जागा लागते. पण माणूस विचार करत बसण्यापेक्षा ते वजन फारच कमी.

इथवर स्तुती. आता जिथे हे पुस्तक आणि हा डीबगर दोन्ही आम्हाला कमी पडतात ती जागा. अभाव.

वैशेषिकांनी अभाव चार प्रकारचा मानला. मडकं घडण्याआधी मडकं नाही, तो प्रागभाव. फुटल्यावर नाही, तो प्रध्वंसाभाव. वाऱ्याला रंग कधीच नाही, तो अत्यंताभाव. आणि मडकं हे वस्त्र नाही, तो अन्योन्याभाव. शेवटचा आज बाजूला ठेवू. डीबगरला व्हेरिएबलची किंमत सापडत नाही तेव्हा तो काय म्हणतो ते पाहा. कंपायलरने प्रोग्रॅम वेगवान करताना एखादं व्हेरिएबल मुळात जन्मालाच घातलं नाही, तर उत्तर येतं ‘ऑप्टिमाइज्ड आउट’. व्हेरिएबल होतं, रजिस्टरमध्ये राहत होतं, काम संपल्यावर त्या रजिस्टरमध्ये दुसरा भाडेकरू आला, तरी उत्तर ‘ऑप्टिमाइज्ड आउट’. पहिला अत्यंताभाव, दुसरा प्रध्वंसाभाव. दुसऱ्या बाबतीत दोन ओळी आधी थांबला असतात तर किंमत मिळाली असती. पहिल्या बाबतीत जन्मभर थांबलात तरी मिळणार नाही. प्रोग्रॅमरच्या दृष्टीने दोहोंत जमीनअस्मानाचा फरक, आणि डीबगरजवळ शब्द एकच. प्रागभावाची गत आणखी वाईट. ऑप्टिमाइज न केलेल्या प्रोग्रॅममध्ये व्हेरिएबलला किंमत देण्याच्या ओळीआधी थांबलात, तर डीबगर मुकाट्याने त्या जागी पडलेला जुना कचरा वाचतो आणि मोठ्या आत्मविश्वासाने एक संख्या सांगतो. नाही असं म्हणायचं तिथे आहे म्हणतो. नवशिकी पोरं या एका गोष्टीपायी किती संध्याकाळी घालवत असतील!

ट्रेसच्या टिपणांत चौथाच शब्द येतो, ‘अनअव्हेलेबल’. म्हणजे आपण ती किंमत टिपायला सांगितलीच नव्हती. हा शब्द आम्हाला प्रामाणिक वाटतो, कारण तो वस्तूबद्दल काही बोलत नाही, आपल्या प्रश्नाबद्दल बोलतो. भाट्ट मीमांसकांनी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानलं, पण एक अट घालून: ती योग्य अनुपलब्धी हवी. जमिनीवर मडकं दिसत नाही म्हणून मडकं नाही, असं म्हणता येतं. कारण उजेड आहे, डोळे चांगले आहेत, असतं तर दिसलंच असतं. अंधाऱ्या खोलीत ‘दिसत नाही म्हणून नाही’ म्हणता येत नाही. ‘असतं तर दिसलं असतं का?’ ही परीक्षा. ‘अनअव्हेलेबल’ सांगतो की इथे दिवाच लावला नव्हता.

पण ‘टीफाइंड’ असं काही सांगत नाही. आपण एखाद्या फंक्शनवरचं टिपण शोधायला सांगितलं आणि ते नसलं, तर तो म्हणतो, मागितलेली फ्रेम सापडली नाही. का सापडली नाही? फंक्शन धावलंच नाही म्हणून? बफर भरला आणि टिपणं थांबली म्हणून? की बफर गोल फिरणारा होता आणि नव्या टिपणांनी जुनी पुसली म्हणून? तीन वेगळे अर्थ. ट्रेस का थांबला हे ‘टीस्टॅटस’ या वेगळ्या आदेशाला विचारलं तर कळतं. म्हणजे माहिती आहे, पण ती ज्याला हवी त्याने स्वतःहून दुसऱ्या खिडकीवर जायचं. सरकारी कचेरीत आपण हा प्रकार पुष्कळ पाहिला आहे. अनुपलब्धी योग्य होती की नव्हती, हे उत्तराबरोबरच सांगायला हवं, असं आमचं स्पष्ट मत आहे. दोन शब्द जास्त छापायला कोणाचं काय जातं?

नीट ठरवून टिपलं तर काय साधतं याचंही उदाहरण देतो. १९९७च्या जुलैत पाथफाइंडर मंगळावर उतरलं आणि थोड्या दिवसांनी त्याचा संगणक मधूनच पुन्हा सुरू होऊ लागला. अभियंत्यांनी पृथ्वीवरच्या जुळ्या यानावर ट्रेस चालू ठेवून तसाच प्रसंग घडवला. त्यांनी टिपलं ते व्हेरिएबलच्या किमती नव्हे, तर कोणतं काम कधी सुरू झालं, कोणाकडे कुलूप होतं, कोण वाट पाहत होतं, याचा क्रम. हवामानाचं कमी महत्त्वाचं काम कुलूप घेऊन बसलं होतं, मधल्या दर्जाची कामं त्याला पुढे सरकू देत नव्हती आणि त्यापायी सगळ्यात महत्त्वाचं काम खोळंबत होतं. त्यांनी नुसत्या किमती टिपल्या असत्या तर प्रत्येक किंमत बरोबरच दिसली असती. दोष क्रमात होता. काय टिपायचं हे ठरवतानाच अर्धा शोध लागलेला असतो. तो भाग कोणताही डीबगर करून देत नाही.

तर आमचा विद्यार्थी. आम्ही त्याला ट्रेसपॉइंटबद्दल सांगायला गेलो तर तो हसला. ते त्याने केव्हाच वापरून पाहिलं होतं. म्हणाला, ‘‘सर, त्याचा उपयोग झाला. संशय होता ते फंक्शन त्या वेळी बोलावलंच जात नाही असं कळलं. मी ते यादीतून काढून टाकलं.’’ आम्ही विचारलं, बोलावलं जात नाही हे कशावरून? म्हणाला, ‘‘टीफाइंडला सापडलं नाही.’’ आम्ही विचारलं, असतं तर सापडलं असतं का? तो गप्प झाला. मग फोन काढून कोणाला तरी म्हणाला, ‘‘अरे, कालच्या रनचं टीस्टॅटस बघ ना जरा.’’ दोन मिनिटांनी उत्तर आलं. बफर भरून ट्रेस अर्ध्यातच थांबला होता.

फंक्शन पुन्हा यादीत घेतलं. पुढे दोष सापडला की नाही हे तो सांगत नाही; कंपनीचा करार आहे म्हणतो. बरं, आम्ही तासाभराच्या वर बोललो. मागे डीबगर रोज वापरणारी पाच-सहा मंडळी बसली आहेत, त्यांचे हात मघापासून वर आहेत. त्यांनी आधी विचारावं.